गिटारीचा बैल

२१ जुलै १९५७, सेलू

मुलगी पाहून आलो. मुलगी उत्तम आहे. पेटीत खोट निघाली.

नीट क्रमानं लिहितो. वर्ध्याला नरहरपंत मास्तरांकडे पाहण्याचा कार्यक्रम होता. सोबत आत्या होती, आणि माझी विजेवरची गिटार, तिचा ॲम्प्लिफायर नि स्पीकरची लाकडी पेटी. स्टेशनवर हमाल करावा लागला. आत्या वाटभर कुरकुरत होती, "मुलगी पाह्यले जातांना लोक पेढे नेतात. तू हे बिऱ्हाड काऊन नेऊन राह्यला?" पण माणसानं आपलं खरं रूप पहिल्याच दिवशी दाखवावं, या मताचा मी आहे. कापसाच्या जिनातला कारकून गल्लोगल्ली सापडतो. विजेची गिटार वाजवणारा कारकून अख्ख्या जिल्ह्यात मी एकटा असेन. नागपूरचा एक अँग्लो-इंडियन गार्ड देश सोडून निघाला तेव्हा त्याच्याकडून मी हा सगळा संच घेतला आणि तेव्हापासून नेटानं शिकतो आहे.

मुलीचं नाव प्रमोदिनी. पोहे झाले, इकडच्या तिकडच्या चौकशा झाल्या, मग तीच म्हणाली, "एवढं वाहून आणलंत, तर वाजवा ना." मी गिटार मांडीवर आडवी घेतली आणि तारांवर लोखंडी कांडी फिरवत एक भजन वाजवलं. नरहरपंत खिडकीबाहेर पाहत होते. संपल्यावर प्रमोदिनी म्हणाली, "छान आहे. पण आवाज नाकातून येतो. सर्दी झाल्यासारखा." आणि हसली. पुढं तिनं मला काहीतरी विचारलं, पावसाळ्यात जिन बंद असतं तेव्हा तुम्ही काय करता किंवा असंच काही. मी तेव्हा पेटीच्या मागं वाकून पाहत होतो, त्यामुळं उत्तर राहून गेलं.

निघताना नरहरपंत म्हणाले, "अमरावतीचे एक वकीलही विचारताहेत. आम्ही मुलीच्या मनाप्रमाणे करणार. पितृपक्षाच्या आत कळवतो."

परतीच्या गाडीत आत्या म्हणाली, पोरगी हसली म्हणजे जमलं. आत्याला यातलं काही कळत नाही. खोट दाखवली गेली आहे. वकिलाकडे पेटीच नाही, म्हणजे त्याच्यात ही खोट निघणार नाही. मला ही मुलगी हवी आहे. हे इथं स्पष्ट लिहितो, कारण दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही. पितृपक्षाच्या आत पेटी सुधारली पाहिजे.

२४ जुलै

पेटीची मागची फळी काढली. आवाज मोकळा झाला, पण तो मागच्या बाजूनं जाऊ लागला. मागच्या बाजूला आमचे घरमालक रूपराव यांचा गोठा आहे. त्यांनी कुंपणावरून हाक मारली, "केशवराव, माही म्हैस पान्हा चोरून राह्यली. तुमची पेटी तिकडं तोंड करून ठेवा ब्वा." तिकडं तोंड केलं तर आवाज भिंतीवर आपटून परत गोठ्यातच जातो. फळी पुन्हा बसवली.

२८ जुलै

जिनातून चांगली पिंजलेली रुई आणून पेटीत ठासून भरली. एका पुस्तकात वाचलं होतं की कापसानं आवाजाचा कर्कशपणा मरतो. कर्कशपणा मेला. बाकीचा आवाजही मेला. गोधडी पांघरून कुणी भजन म्हणावं तसं ऐकू येत होतं. निम्मी रुई काढली, तर तिच्यात राहिलेली सरकी स्पीकरवर उडू लागली आणि भजनाला ताशा लागला.

आत्यानं काढलेली रुई उचलून तिच्या वाती वळल्या. या प्रयोगातून देवाला तेवढा फायदा झाला.

१ ऑगस्ट

आज प्रमोदिनी घरी आली होती! नागपंचमीसाठी ती इथं तिच्या मावशीकडे, शोभाबाईंकडे आली आहे. शोभाबाई आमच्या गल्लीच्या टोकाला राहतात हे मला माहीत नव्हतं. दोघी आत्याला लाह्या द्यायला म्हणून आल्या. आत्या शोभाबाईंना घेऊन चुलीपाशी गेली ती गेलीच, त्यामुळं मला निवांत वेळ मिळाला. मी प्रमोदिनीला पेटी दाखवली. फळी किती जाड असावी, सागवान का आणि देवदार का नको, आत पोकळी किती हवी, हे सगळं हातांनी मापं दाखवत समजावलं. चहा निवाला. ती मन लावून ऐकत होती.

मधे तिनं विचारलं, "घरी तुम्ही आणि आत्या, दोघंच का?" मी हो म्हटलं आणि पोकळीकडे वळलो.

जाताना म्हणाली, "मला लाकडातलं काही कळत नाही. पण तुम्ही सांगता ते ऐकायला बरं वाटतं. पोळ्याला बाबांबरोबर पुन्हा येणार आहे मावशीकडे. दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, संध्याकाळच्या गाडीपर्यंत आहोत."

म्हणजे परीक्षेची तारीख ठरली. लाकडाच्या बाबतीत ती थोडी कच्ची आहे, पण शिकवली तर शिकेल.

३ ऑगस्ट

जुन्या पेटीत जीव नाही, नवीच करायची असं ठरवून नत्थू सुताराकडे गेलो. त्याच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. जिकडं पाहावं तिकडं लाकडी बैल. काही रंगवलेले, काही नुसते तासलेले, काहींची शिंगं अजून वेगळी पडलेली. तान्ह्या पोळ्याला पोरं जे बैल ओढतात ते साऱ्या सेलूचे नत्थूच करतो.

मी पेटीचा नकाशा पुढं केला. नत्थूनं तो उलटा धरून पाहिला आणि म्हणाला, "पोळ्यानंतर या, बाबूजी."

"मला पोळ्याच्या आत हवी आहे."

"मंग नाई जमत. श्रावण लागला का माह्या वाकसानं बैलाबिगर काई निघत नाई. माह्या बापाचंबी असंच होतं. एक डाव श्रावणात पाटलासाठी पाट करत होता, तर पाटाले चार पाय अन् वशिंड निघालं."

मी हरतऱ्हेनं सांगून पाहिलं. तो वाकसानं लाकूड तासत राहिला. शेवटी म्हणाला, "तुम्हाले काय पायजे? लाकडाचं, आतून पोकळ, एका बाजूनं भोक. हेच ना? मंग बैलातच बसवू तुमचा भोंगा. बैलबी पोकळच असते."

मी घरी येऊन विचार केला. शास्त्राच्या दृष्टीनं पोकळी ही पोकळी असते. उलट चौकोनी पेटीत कोपरे असतात आणि आवाज कोपऱ्यात अडकतो असं पुस्तकात आहे. बैलाच्या पोटात कोपरा नाही. संध्याकाळी जाऊन होकार दिला.

७ ऑगस्ट

शिंगं नकोत म्हणून सांगायला गेलो होतो. शिंगांचा आवाजाला काही उपयोग नाही.

नत्थूनं वाकस खाली ठेवला. "शिंगाबिगर? म्हंजे गाढव झालं. गाढव मी बनवत नाई."

शिंगं राहिली.

११ ऑगस्ट

स्पीकर कुठं बसवायचा यावरून आज जुंपली. मी म्हणालो, तोंडात. नत्थू म्हणाला, "बैल काय सारा दिवस आ करून उभा राह्यते? लोक म्हणतीन, रोगी हाये." मग मी म्हणालो, पोटाला बाजूनं. तर म्हणे, पोटाला भोक म्हणजे वाघानं फाडल्यासारखा दिसेल, बोरच्या जंगलाकडची माणसं पाहतील तर त्यांना रडू येईल. अखेर गळ्याखाली छातीत बसवायचं ठरलं. वरून पातळ खादीचा तुकडा, आणि त्यावर घुंगरमाळ येईल. घुंगरं काढून नुसती माळ ठेवू असं मी म्हणालो. नत्थूनं पुन्हा वाकस खाली ठेवला. मी आग्रह धरला नाही.

वायर शेपटीतून बाहेर काढली आहे. ही कल्पना माझी.

१४ ऑगस्ट

जिनाच्या वाटेवर एक वाईट विचार आला. खोट पेटीत नसून माझ्या हातात असली तर? कांडी मी फार दाबतो का? भजनाच्या दुसऱ्या ओळीत एक जागा आहे, तिथं सूर नेहमी घसरतो. आजवर मी ते पेटीचं काम समजत होतो.

दिवसभर हिशेबात मन लागलं नाही. दुपारी हिंगणीचे गाडीवान सरकी न्यायला आले, त्यांना मी रुईची पावती दिली. पण बैल निम्म्याहून जास्त तयार झालेला आहे. आता शंका घेऊन काय उपयोग? हात बदलता येत नाहीत, पेटी बदलता येते.

१८ ऑगस्ट

बैल घरी आला. बैलगाडीतून आला, त्यामुळं खरे दोन बैल ओढणारे आणि एक बसलेला, असं दृश्य होतं. सगळी गल्ली बाहेर आली. उंचीला माझ्या कमरेपर्यंत आहे. डोळे नत्थूनं फार प्रेमानं केले आहेत. त्याच्याकडे पाहून मोठ्यानं बोलवत नाही.

छातीत स्पीकर बसवला, शेपटीची वायर ॲम्प्लिफायरला जोडली, वाजवलं. आवाज घुसमटला. पोकळीत कोंडलेल्या हवेला बाहेर पडायला वाट नव्हती. पुस्तकात स्पष्ट लिहिलं आहे की अशा वेळी दुसरं एक भोक पाडावं, स्पीकरपासून जितकं दूर तितकं चांगलं. बैलाच्या शरीरात छातीपासून सगळ्यांत दूरची जागा कोणती, हे मी इथं लिहीत नाही. बैलाबरोबर आलेला नत्थू म्हणाला, "तिथं तर पायजेच होतं. मी म्हणलं तुम्ही शिकलेले, तुम्हाले लाज वाटन." आणि पटाशीनं भोक पाडून दिलं.

मग मी वाजवलं, आणि आवाज आला. काय सांगू! खर्जातला, भरीव, जमिनीतून येणारा. सर्दीचं नाव नाही. ताटं थरथरली. आत्या देवघरातून बाहेर आली आणि तिनं हात जोडले, मला नव्हे, बैलाला. पलीकडच्या गोठ्यातून रूपरावांच्या बैलजोडीनं हंबरून उत्तर दिलं. रूपराव कुंपणापाशी येऊन कितीतरी वेळ ऐकत उभे राहिले. म्हणाले, "केशवराव, हा बैल बोलून राह्यला."

अमरावतीच्या वकिलाची मला आज प्रथमच कीव आली.

२४ ऑगस्ट

उद्या पोळा. आज लोक बैलांना नदीवर धुतात, त्यांचे खांदे तूप-हळदीनं मळतात. संध्याकाळी जिनातून आलो तर आत्या वाटीत तूप-हळद घेऊन माझ्या बैलाचे खांदे मळत होती.

"आत्या, अगं ही स्पीकरची पेटी आहे."

"असू दे ना. वर्सभर वझं तर त्यालेच वाह्यचं हाये." आणि तिनं त्याला उद्याच्या जेवणाचं आमंत्रण दिलं.

मी तिला मळू दिलं. तुपानं सागवानाला चांगली झळाळी येते, असं मीच कुठंतरी वाचलं आहे. वाजवायचा सराव मात्र राहिला, कारण त्याचे खांदे ओले होते.

२५ ऑगस्ट

पोळा झाला. रूपरावांची जोडी तोरणाखाली पहिल्या रांगेत होती. घरी परत आल्यावर त्यांच्या कारभारणीनं, विमलाबाईंनी, आपल्या बैलांना ओवाळलं, पुरणपोळी चारली आणि ताट घेऊन सरळ आमच्याकडे आल्या. माझ्या बैलालाही ओवाळलं. त्यांच्या मागून गल्लीतल्या बायका आल्या. संध्याकाळपर्यंत स्पीकरच्या खादीवर इतकं हळदीकुंकू साचलं की वरचा सूर दबणार अशी भीती वाटते. उद्या सकाळी झटकून घेईन.

उद्या ती आमच्याकडे येणार. कांडी दोनदा पुसून ठेवली.

२६ ऑगस्ट

आज जे झालं ते जमेल तसं लिहितो.

सकाळपासून गल्लीत पोरांचे लाकडी बैल. कुणाचा मुठीएवढा, कुणाचा गाड्यावरचा. माझ्या बैलाला बायकांनी परस्पर झूल घातली, शिंगांना बेगड लावली. दुपारी नरहरपंत, शोभाबाई आणि प्रमोदिनी आले. प्रमोदिनीनं बैल पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पदर तोंडाला लावला. मी म्हणालो, "आता आवाज ऐका," आणि शेपटीची वायर हातात घेतली.

तेवढ्यात दारातून रूपराव गरजले, "काय करून राह्यले, केशवराव?"

"जोडतो आहे."

"जोडून नाई, जुंपून राह्यले तुमी! आज त्याचा सण हाये. सणाच्या दिवशी बैलाले कोणी कामाले लावते का?"

मी म्हणालो, हा लाकडी आहे. रूपराव म्हणाले, आज लाकडी बैलांचाच सण आहे. मी म्हणालो, हा बैल नाही, स्पीकरची पेटी आहे. तशी आत्या आतून आली. "काल त्यानं माह्या हातची पुरणपोळी खाल्ली. आता तो पेटी कसा?" पुरणपोळी आत्यानं त्याच्या तोंडाला लावून मग मला वाढली होती, पण ते सर्वांदेखत सांगता येईना. दारात बायकांची गर्दी झाली. विमलाबाई म्हणाल्या की सणाच्या दिवशी जुंपलेला बैल त्या घराला लाभत नाही, आणि इथं तर घरात नवी माणसं यायची बोलणी चालली आहेत.

मी आशेनं नरहरपंतांकडे पाहिलं. शिकलेला माणूस, जन्मभर विज्ञान शिकवलेला. त्यांनी चष्मा पुसला, बैलाला प्रदक्षिणा घालावी तसे त्याच्याभोवती फिरले, मागच्या भोकाशी क्षणभर थांबले, आणि म्हणाले, "तो वायरीनं काम करतो म्हणता, म्हणजे कामाचा बैल झाला. कामाचा असेल तर त्याला सुटी हवी. उद्या वाजवा."

"पण तुम्ही आज संध्याकाळी जाणार!"

"हो. ते आहेच," नरहरपंत म्हणाले.

मला अक्षरशः रडू कोसळायच्या बेतात होतं. एवढं सगळं केलं, आणि ज्या एका दिवसासाठी केलं त्याच दिवशी बैल सुटीवर! पोरांनी त्याला गाड्यावर चढवला. रूपरावांनी नरहरपंतांचा हात धरला, "चला मास्तर, यंदा बैलाईले नंबर तुमी द्या." वाजतगाजत सगळे मारुतीच्या पाराकडे निघून गेले. आत्या आणि शोभाबाई चहा ठेवायला आत गेल्या. ओसरीवर मी, मुकी गिटार आणि हातात वायर.

प्रमोदिनी गेली नव्हती. म्हणाली, "मी बैलासाठी नाही आले."

"पण त्याच्याशिवाय ऐकूच येणार नाही. ही विजेची गिटार आहे. नुसत्या तारा वाजतात त्या मला तेवढ्या ऐकू येतात."

"मग मी तिथं येते," असं म्हणून ती सतरंजीवर माझ्यासमोर येऊन बसली.

मी वाजवू लागलो. डासाएवढा आवाज. ती पुढं सरकली. गल्लीच्या टोकाला ढोल वाजत होते, म्हणून आणखी पुढं सरकली, मान वाकवून कान तारांपाशी आणला. दुसऱ्या ओळीत माझा सूर घसरला. दोष द्यायला पेटी नव्हती. तिनं मान वर केली नाही, म्हणून मी ती ओळ पुन्हा वाजवली, हात हलका ठेवून. या वेळी थोडी कमी घसरली. मी आणखी एकदा वाजवली.

तेवढ्यात तिची वेणी खांद्यावरून सरकली आणि तारांवर पडली. आवाज बंद झाला. वेणी काढा म्हणावं तर ती मागं सरकेल, न म्हणावं तर वाजवता येईना. मी कांडी तशीच धरून ठेवली. तीही हलली नाही. पेटीबद्दल बोलावं तर पेटी पारावर गेलेली. मला बोलायला काही म्हणजे काहीच सुचेना, म्हणून मी विचारलं, "तुम्हाला काय आवडतं?"

ती सरळ बसली. म्हणाली, "एवढं विचारायला तुम्हाला एक अख्खा बैल करावा लागला."

मग तिनं सांगितलं. गणित आवडतं. वांग्याचं भरीत, पण कांदा कच्चा हवा. आगगाडीत खिडकीशी बसून उलट्या दिशेनं जायला आवडतं. "आणि तुम्ही त्या पेटीबद्दल बोलता ना, फळी, पोकळी, सागवान," ती म्हणाली, "त्यातलं मला अक्षर कळत नाही. पण तुमचे हात हलतात ते पाहायला आवडतं. म्हणून मी नागपंचमीला आले. लाह्या तर आत्यांकडेही होत्या."

मी माझ्या हातांकडे पाहिलं. जन्मापासून बरोबर आहेत, पण मी त्यांच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. मला फार आनंद झाला आणि फार लाजही वाटली, आणि कांडी हातातून खाली पडली.

"वकिलांना नाही म्हणून कळवा, असं आजच बाबांना सांगते," ती म्हणाली आणि कांडी उचलून दिली.

मग ढोल जवळ आले. बैलाला पहिला नंबर मिळाला होता. नरहरपंतांच्या कपाळाला गुलाल होता आणि ते हात उंचावून रूपरावांना काहीतरी पटवून देत होते. कोणी मला काही विचारलं, कोणी पाठीवर थाप मारली. गाडीची वेळ झाली. स्टेशनवर प्रमोदिनी खिडकीशी बसली, तोंड सेलूकडे करून. गाडी दिसेनाशी होईपर्यंत मी हात हलवत होतो. एरवी मला असले प्रकार आवडत नाहीत.

घरी आलो. आत्यानं विचारलं, "काय म्हणाली रे?" मी म्हणालो, "भरीत. कांदा कच्चा हवा." तिला काय समजायचं ते समजलं, कारण ती पदरानं डोळे पुसत शेजारी सांगायला धावली. मी एकटाच उरलो. बैल ओसरीवर उभा होता, गुलालानं माखलेला. माझं लग्न ठरलं होतं आणि घरात त्याच्याशिवाय कुणीच नव्हतं. मी स्वयंपाकघरातून गुळाचा खडा आणला, कुणी पाहत नाही ना याची खात्री केली, आणि त्याच्या तोंडापुढं धरून उभा राहिलो.